काडी मोडणार नाही

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९५४

मेला परत आला! लिही बनूबाई, मला अक्षर येत नाही, मी बोलते तसंच लिही. 'मेला' खोडू नकोस.

अंबरनाथच्या कारखान्याचे साहेब मीनलला बघायला येणार म्हणून माझा पोरगा अण्णा चार दिवस नाचत होता. तिथंच कारकून आहे ना! लेकीला साहेब मिळतोय! दिवे लागल्यावर मोटार आली, काचांना काळे पडदे. अख्खं बदलापूर गाव गोळा. उतरला कोण? जयदेव! पंचेचाळीस वर्षांमागं सोनिवलीचा खोत होता, तोच. तेच काळे केस, तीच मिशी. माझे दात गेले, त्याचे शाबूत. असणारच, दातांवरच तर जगतो!

त्यानं पोह्यांची बशी बाजूला सारली. "उपास आहे." म्हटलं, "आमच्या घरी तो सुटायचा नाही."

शनिवार, १३

अण्णानं कॅम्पातल्या बाजारातून शालू आणला. मीनल तो पांघरून गाणी म्हणते. डोकं उठलंय!

मंगळवार, १६

अण्णाला सांगून पाहिलं. "आई, भलतंच बरळू नकोस." बरं. मग पानालाच सांगते.

सतरा वर्षांची होते. तो रक्त पितो हे ठाऊक होतं, तरी आवडायचा. आवडायचा म्हणजे आवडायचा! मनगट मीच पुढं केलं. खूण बांगड्यांखाली झाकून ठेवली. नवरा गेला, बांगड्या गेल्या, ती उघडी पडली. तेव्हा जयदेव म्हणायचा, "रखमे, लग्नाच्या दिवशी तुला माझ्यासारखी करीन." पंचांपुढं सुपारी फुटली, लग्न ठरलं. माझी एकच अट — माझ्या घरातल्या कुणाला शिवायचं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण चिमी पांढरीफटक पडली. आठव्या दिवशी गेली. अकरा वर्षांची! आणि हा गाव सोडून पळाला. मला दुसऱ्याच्या गळ्यात बांधली.

शुक्रवार, १९

आज एकटाच आला. आवाज मधात बुडवून.

"रखमे, काडी मोड. मला मोकळा कर."

त्याच्या जातीत सुपारी फुटली की बाप्याही बांधला जातो. पहिलीनं काडी मोडल्याशिवाय दुसरी केली, तर जागच्या जागी राख. आणि पहिलीनं लग्नाचा शब्द मागितला, तर पुरा करावाच लागतो. हे त्यानंच तेव्हा सांगितलं होतं, लाडात.

"आणि चिमी?"

"भूक लागली होती."

भूक! पोरगी म्हणजे काय टोपलीतली भाकरी?

संध्याकाळी अण्णानंच काडी आणून हातात दिली. हेडक्लार्क करणार आहेत म्हणे. "मोड ना आई, तुझं काय जातंय?" पोटचा पोरगा हा! त्या काडीनं उरलेले तीन दात कोरले आणि त्याच्यापुढंच थुंकले.

रविवार, २१

मीनल भांडली. "आजी, तुला माझं बरं बघवत नाही!" मनगट दाखवलं, सगळं सांगितलं. तिनं खुणेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला चालेल."

थोबाडीत मारणार होते. हात उचलला आणि खाली घेतला. सतराव्या वर्षी मी तरी काय म्हणाले होते?

नुसतं नाही म्हणून भागायचं नाही. बासष्ट वय माझं. मी मेले की तो मोकळा. त्याला कसली घाई? बसेल वाट बघत.

सोमवार, २२

बोलावून घेतला. म्हटलं, "काडी मोडत नाही. लग्न कर."

"कुणाशी?"

"पंचांना विचार, कुणाशी ठरलं होतं!"

तोंड पडलं. "रखमे, अगं तू म्हातारी झालीस!"

"कुणामुळं रे? पंचेचाळीस वर्षं कुणी लावली यायला?"

बाहेर अण्णा दाराला कान लावून उभा. हेडक्लार्क कुठला!

गुरुवार, २५

काल लग्न लागलं. त्यानं दिलेला शब्द पाळला, अगदी रडत रडत. मी आता मरायची नाही, तो सुटायचा नाही. मीनलला हवं तेवढं रडू दे. जयदेव पायाशी बसलाय, गुडघे चेपतोय. हे असंच चालणार, कायमचं.

बनूबाई, दाराकडं कशाला बघतेस? नीट लिही. तुला मधुमेह आहे, मला गोड आवडत नाही.