बावीस ठिकाणचा श्वास

५ जानेवारी

आज रुजू झाले. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून काढल्यावर अखेर स्वतःचं टेबल मिळालं, स्वतःचा सूक्ष्मदर्शक मिळाला, आणि खिडकीही. खणात आधीच्या कुणाचे तरी दोन रबरबँड आणि खोकल्याची एक गोळी सापडली. गोळी टाकली, रबरबँड ठेवून घेतले.

प्रयोगशाळा तळमजल्यावर, फुप्फुसाच्या रुग्णांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. इथल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे काकू म्हणतात. वीस वर्षं इथेच आहेत. त्यांनी इन्क्युबेटर दाखवला आणि म्हणाल्या, ही आपली पाळणाघरं, रडणं नाही, शी-शू नाही, फक्त वेळेवर खायला घालायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, स्वतः दारापर्यंत आले. म्हणाले, तुमच्याकडून फार अपेक्षा आहेत. आईला फोन करून हे वाक्य दोनदा सांगितलं.

९ जानेवारी

काम आईला समजावलं तसंच इथे लिहून ठेवते. पेशीला ‘वाढ’ असा निरोप येतो. तो एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असा हातोहात आत पोचतो. काम झालं की ‘थांब’ असा निरोप यायला हवा. कर्करोगात तो वाटेत कुठेतरी अडतो. कुठे, ते शोधायचं.

त्यासाठी जिवंत पेशी हव्यात. आज वॉर्डातल्या एका रुग्णाच्या फुप्फुसाचा तुकडा आला. हा माणूस फरशी घासणारा मिस्त्री. चाळीस वर्षं मशीन चालवून दगडाची धूळ छातीत भरून घेतली, आता तिथेच गाठ निघाली आहे. संमतीपत्रावर सही घ्यायला मी गेले. त्याची लेक शेजारी बसली होती, शिवणकाम करते. तिने कागद दोनदा वाचला. मिस्त्रीने वाचला नाही. म्हणाला, “या इमारतीची फरशी मीच घासलीय, मॅडम. तुम्ही घसरला नाहीत ना अजून?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसताना खोकत सुटला.

नमुन्याला नाव दिलं एम-सात.

२७ जानेवारी

रुग्णांच्या पेशी प्रयोगाच्या काचेच्या बशीत फार दिवस टिकत नाहीत. पाच-सहा वेळा वाटून घेतल्या की दमतात आणि मरतात. एम-सात दमत नाही. बशीत जागा पुरत नाही म्हणून दर दोन दिवसांनी दोनाच्या चार कराव्या लागतात. सर रोज येऊन सूक्ष्मदर्शकात डोकावतात. काल मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

काकू मात्र या बशा हाताळताना दोन हातमोजे घालतात. का, विचारलं तर म्हणाल्या, सवय.

६ फेब्रुवारी

पेशी उपाशी ठेवायचा प्रयोग होता. अकरा वाजता पेशींचं अन्न असलेला गुलाबी द्रव काढून घेतला आणि नुसतं मिठाचं पाणी घातलं. दुपारी वॉर्डातल्या सिस्टर जेवताना सांगत होत्या, मिस्त्री आज अकरापासून भुकेने कासावीस झाला, तीन ताटं जेवला तरी भूक जाईना. मी हसले. मग माझ्या वहीतली वेळ पाहिली. योगायोग.

१३ फेब्रुवारी

बुधवारी वीज गेली, इन्क्युबेटर तासभर थंड झाला. मिस्त्रीला त्याच तासात हुडहुडी भरली. चार ब्लँकेटं घातली तरी दात वाजत होते.

मी शास्त्रज्ञ आहे. एकदा घडलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. म्हणून आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी एक बशी मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवली. मग साडेअकराला. मग पावणेदोनला. संध्याकाळी वर जाऊन त्याचा तक्ता पाहिला. सिस्टरच्या अक्षरात हुडहुडीच्या तीन नोंदी होत्या, त्याच तीन वेळांच्या.

एकदा करून पुरलं असतं. मी तीनदा केलं, आणि तिसऱ्या वेळी मला आनंद झाला. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून इथे लिहिते.

२० फेब्रुवारी

सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रजा शिल्लक आहे का विचारलं. मग म्हणाले, बावीस प्रयोगशाळांनी एम-सातची मागणी केली आहे, पुढच्या आठवड्यात पाठवा. शोधनिबंधात पहिलं नाव तुमचं राहील.

बाहेर आले तर काकू दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, तू पहिली नाहीस सांगणारी. तुझ्या टेबलावर आधी बसायची तिनेही सांगितलं होतं, दुसऱ्या नमुन्याबद्दल. मग काय केलं तिने, मी विचारलं. काकू म्हणाल्या, राजीनामा दिला. आणि तो रुग्ण? काकू हातमोजे काढत राहिल्या. तो नमुना आठवड्यात मेला, म्हणाल्या, नशीब त्या माणसाचं.

२६ फेब्रुवारी

बावीस खोकी भरली. प्रत्येकात ड्राय आइस, त्यात एक कुपी, कुपीवर माझ्या अक्षरात एम-सात. नाही म्हणता आलं असतं. राजीनामा लिहिता आला असता, कागद समोरच होता. मी पत्ते लिहिले.

वरून लेकीचा निरोप आला की बाबांची बोटं निळी पडलीत. मी शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावली आणि मग गेले.

४ मार्च

मिस्त्रीचा एक्स-रे डॉक्टरांनी खिडकीशी धरून दाखवला. दोन्ही फुप्फुसं पांढरीफटक, दगडासारखी. हवा जायला जागाच नाही. म्हणाले, हा माणूस कसा जिवंत आहे ते मला विचारू नका.

खोकी पोचली असणार. कुठे पेशी तापवतात, कुठे विष घालतात, कुठे उपाशी ठेवतात. त्याचं अर्धं अंग भाजतं, अर्धं गारठतं, आणि मधेच, कुणीतरी ताजं द्रव घातलं असावं, दहा मिनिटं तो लहान मुलासारखा टवटवीत होतो. तेच बघवत नाही.

आज लेक चहा आणायला गेल्यावर तो मला म्हणाला, “मला कुणीतरी वाटून घेतलंय, मॅडम. तुम्हाला ठाऊक आहे कुणी.” मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, “तुमचं नाव आलं का छापून?” टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

मग म्हणाला, आता संपवा.

७ मार्च

इथल्या सगळ्या बशांत ब्लीच ओतलं. फ्रीझरमधल्या कुप्याही काढून ओतल्या. काकूंनी दार लावून घेतलं. बाहेर बावीस आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाटलं, मूळ इथलं, इथलं गेलं की सुटेल.

ब्लीच ओतताना त्याला काय होईल याचा विचार केला नव्हता. वीस मिनिटं. त्याचं ओरडणं तळमजल्यापर्यंत ऐकू येत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी नाडी थांबली. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ लिहिली. लेकीने माझा हात धरून आभार मानले, तुम्ही रोज येत होतात म्हणून.

८ मार्च

सकाळी शवागारातून लेकीचा फोन. बाबांची छाती हलतेय.

नाडी नाही. हृदय बंद. अंग गार. छाती वरखाली होते. डॉक्टरांनी तीनदा तपासलं आणि खुर्चीत बसून राहिले.

९ मार्च

बावीस जणांना ईमेलने पत्रं पाठवली. एम-सात नष्ट करा. कारण काय लिहायचं — दूषित, असं लिहिलं.

चार उत्तरं आली. तिघांनी अभिनंदन केलंय. दूषित वगैरे काही नाही, छान वाढतायत म्हणे. चौथ्याने लिहिलंय, आम्ही पुढे आणखी सहा ठिकाणी दिल्या.

मग आता बावीस नाहीत. किती, ते मला —

१० मार्च

सरांनी त्याला वेगळ्या खोलीत हलवलं. लेकीला सांगितलं, अजून आशा आहे. तिने विश्वास ठेवला. तिच्याकडून नवीन कागदावर सही घेतली. या वेळी तिने वाचला नाही.

मला म्हणाले, ब्लीचचं आपण विसरून जाऊ. नवा तुकडा काढू. आता तर जिवंत माणसाची परवानगीही लागत नाही.

राजीनामा दिला. त्यांनी खणात ठेवला.

११ मार्च

श्वास मोजले. एका लयीत नाहीत. एक संपायच्या आत दुसरा सुरू, त्यात तिसरा — छाती एकच आणि —

डोळे उघडे आहेत. मी जाते तिकडे फिरतात.

१२ मार्च

आणखी एक उत्तर. अतिशय सभ्य पत्र. नष्ट करण्याआधी आमचा एक प्रयोग उरकून घेतो, गैरसमज नसावा. किरणांचा सर्वांत मोठा डोस, सगळ्या बशांना एकदम. आज दुपारी तीन वाजता.

फोन केला. उचलत नाहीत. पुन्हा केला.

दोन बावन्न. लेकीला औषध आणायला पाठवलं. कसलं औषध, तिने विचारलं नाही.

दोन सत्तावन्न. त्याला सांगितलं, तीनला काय होणार ते. सांगायला नको होतं. त्याने माझं मनगट धरलंय. मेलेल्या माणसाच्या हातात इतका जोर — डाव्या हाताने लिहितेय.

दोन एकोणसाठ. ओठ हलतायत. बाहेर पावलं वाजली, लेक परत आली, एवढ्यात कशी — आत येऊ नकोस म्हणून ओरडले. दार —

तीन. छाती थांबली. सगळे श्वास एकदम थांबले. सुटला. सुटला बहुतेक. मनगट अजून धरलेलं — आता तो तोंड उघडतोय आणि आतून सगळ्या ठिकाणचे श्वास एकदम —