नानांचा आवाज चार्जिंगला

५ एप्रिल

नानांचा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय. उलटा करून बघितला तर पोट फुगलेलं. बॅटरी आतून वर आलीय आणि हात लावला तर चटका! सकाळी चार्जिंग पूर्ण होतं. नाना आईशी दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्याच्या मधेच सगळं बंद.

कुणाला सांगितलं तर म्हणेल, लॅपटॉपच तर आहे. पण ऑपरेशनमध्ये नानांचं स्वरयंत्र काढल्यापासून ते टाइप करतात आणि लॅपटॉप बोलतो. आईची नजर साखरेनं गेली, तिला लिहिलेलं दिसत नाही. दोघांचं एकमेकांशी जे काही बोलणं उरलंय ते त्या डब्यातून. आणि मी दिवसभर मोहोळला, कचेरीत. मला भीती वाटते.

६ एप्रिल

दुरुस्तीवाला ताबीश घरी आला. बॅटरी काढून अंगणात वाळूच्या कुंडीत ठेवली. म्हणाला, "हिला आता चार्जिंगला लावलं तर पेट घेईल की." मग त्याची नजर कव्हरवर गेली. सोलापुरी चादरीचं, आईनं शिवलेलं, जाडजूड. "चालू ठेवून वरनं झाकता काय?"

नानांनी वायर जोडून ताठ बसून टाइप केलं. यंत्रातल्या बाईनं ठणकावून सांगितलं — "मशीन उघडे ठेवणे ही बेशिस्त आहे."

शुक्रवार पेठेतली त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट बंद होऊन जमाना झाला, पण शिस्त जात नाही. काम झालं की मशीनवर कव्हर! आणि लॅपटॉप चालूच, कारण आईनं हाक मारली की लगेच उत्तर देता आलं पाहिजे. तेही ह्या उन्हाळ्यात. ताबीश म्हणाला, "काका, लई लाड केले तुमी. उबवलं की हो त्याला." नवी बॅटरी आली की खालून वारा लागू द्या, स्क्रीन मंद ठेवा, सारखं शंभर टक्के भरून ठेवू नका — बरंच सांगत होता. पण मॉडेल जुनं. बॅटरी पुण्याहून येईल, केव्हा ते नक्की नाही. तोवर वायरीवर चालेल. लाइट गेली की संपलं.

ताबीश गेल्यावर नानांनी एवढंच टाइप केलं — "म्हणजे माझ्याच हातून झाले."

८ एप्रिल

लाइट गेली नाही. दिवसभर तेवढंच डोक्यात.

९ एप्रिल

आज गेली. मी घरी पोचले तेव्हा दोघं दोन खुर्च्यांवर. नाना आईकडे बघत होते, आई भिंतीकडे. मला म्हणाली, "हे हितंच हाएत का उठून गेलेत तेच कळंना गं."

मोबाइलवर नानांना जमत नाही. त्यांची दहाही बोटं चालतात, अंगठ्यानं लिहायचं म्हटलं की चिडतात. इन्व्हर्टर घ्यायचं दर उन्हाळ्यात ठरतं आणि राहतं. देवघरातली घंटी दिलीय हातात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सारखी वाजली की धोका. पण कसला धोका ते घंटी कशी सांगणार? शेवटचं काहीतरी सांगायचं असेल त्यांना आणि समोर बसलेल्या आईला कळणारच नाही — हेच सारखं दिसतं मला.

११ एप्रिल

रजा मागितली. साहेब म्हणाले, "लॅपटॉपसाठी रजा?" नाही दिली.

१२ एप्रिल



दुपारी आईचा फोन. "ह्यांच्या छातीत आवळतंय. घाम आलाय. शेजारच्या आशिषनं गाडी काढलीय, आमी निघालो. तू थेट दवाखान्यात ये." मोहोळहून बसमध्ये उभी होते, काही दिसत नव्हतं. नुसती देवाला विनवत होते.

झटकाच होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आशिषकडून कळलं, आमच्या गल्लीत लाइट सकाळपासून नव्हती. मग आईला विचारलं, छातीत आवळतंय हे तुला कुणी सांगितलं?

"कुणी म्हंजे? ह्यांनीच की."

लग्नाआधी आई नानांच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला होती, हे मी कितीदा तरी ऐकलंय. कीबोर्डवर कापड टाकून न बघता टाइप करायला शिकवायचे. आज नानांनी घंटी टाकून दिली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. टायपिंगमध्ये प्रत्येक अक्षराचं बोट आणि ओळ ठरलेली, म्हणून तेच बोट दाबून सांगायचं. बोटाचं टोक म्हणजे वरची ओळ, मधलं पेर मधली, मूळ म्हणजे खालची. "पयल्यांदा वाटलं, येडे झाले काय," आई म्हणाली. "मग बोटांनाच आठवलं बघ."

मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

१७ एप्रिल

नाना घरी आलेत. दोघं हात हातात घेऊन बसतात, नवं लग्न झाल्यासारखी! आई मधेच हसते. काय म्हणाले विचारलं तर सांगत नाही. "त्या बाईची कटकट गेली एकदाची," म्हणाली. लॅपटॉपवर कव्हर आहे, बंद करून. ताबीशला कळवलं, बॅटरीची घाई नाही. आज नीट जेवले मी.

१९ एप्रिल

आई स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं. "बॅटरी कदी येती?" मी म्हटलं, आता कशाला? "डाव्या हाताच्या दोन बोटांना काई कळंना झालंय. साखरेचंच असंल. बाकीची बी मुंग्या आल्यागत असतात. अर्धं मी अंदाजानं लावते. त्या दिवशी बी अर्धंच कळलं होतं. ह्यांना सांगू नको."

बाहेर नाना तिची वाट बघतायत. हात पुढं करून बसलेत.