हसत गेली नाहीस तू

प्रिय करुणा,

आपल्या शिकवणीप्रमाणं तू झोपली आहेस. प्रभू परत येईपर्यंत मेलेल्या माणसाला काही कळत नाही, काही ऐकू येत नाही, हे लहानपणी मीच तुला शिकवलं. म्हणजे हे पत्र तुला पोचायचं नाही. तरी लिहिते आहे. जिवंत माणसांत हे सांगावं असं मला कुणी उरलं नाही, आणि आता गप्प बसणं माझ्यानं होत नाही.

गेल्या शनिवारी, शब्बाथाला, शिमोनरावांनी तुझ्यावर प्रवचन केलं.

तुला आठवतात ना शिमोनराव? आपल्या अंबडच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, पाळक नसताना प्रवचन करणारे. पांढरा कोट, घसा साफ केल्याशिवाय बोलायला सुरुवात नाही. हल्ली पेपरात कुटुंबनियोजनाचं काहीबाही येतं, जालन्यात कुणा बाईनं गर्भ पाडून घेतल्याची चर्चा होती, तो धागा त्यांनी धरला. पोटातला जीव देवाचा, त्याला हात लावायचा माणसाला अधिकार नाही, असं बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "याच मंडळीत एक लेक होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं, मूल काढ, न्हाईतर मरशील. ती म्हणाली, मी मरते, पण माझं लेकरू जगू द्या. आणि ती हसत हसत गेली!"

हसत हसत! करुणा, खोलीत तेव्हा होतं कोण? तू, मी आणि डॉक्टरीणबाई. शिमोनराव कुठून आले?

आणि पुढं ऐक. त्यांनी समोर बसलेल्या लीलाकडं बोट केलं. तुझ्या लीलाकडं! "ही ती पोर," म्हणाले. "पोरी, तुझ्यासाठी आईनं जीव दिला. जन्मभर तुला ते ऋण फेडायचंय."

सगळ्या बायका वळून तिच्याकडं पाहायला लागल्या. ती खाली मान घालून झग्याचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहान आहे गं अजून. अजून झोपताना माझा पदर धरते.

मी उठून उभी राहिले. म्हणाले, "ती हसत गेली न्हाई."

शिमोनराव म्हणाले, "मार्थाबाई, बसा. आपण देवाच्या गौरवासाठी बोलून राह्यलो."

मी म्हणाले, "खोट्यानं त्याचा कसला गौरव?"

पुढचं वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. सगळं सांगून टाकणार होते. पण लीला वर पाहत होती. मी बसले. मला बसावं लागलं, करुणा.

तुझं दुखणं मला पहिल्यापासून ठाऊक होतं. लहानपणी तुला ताप यायचा, सांधे सुजायचे, मग सगळं ओसरायचं आणि तू पुन्हा पोरींबरोबर मत्स्योदरीच्या टेकडीवर पळत सुटायचीस. अर्ध्या वाटेत बसायचीस, ओठ निळे, आणि वर मलाच म्हणायचीस, "आई, तू दमलीस म्हणून थांबले." किती खोटारडी होतीस! तेव्हा कुणी सांगितलं नाही की तो ताप काळजात घर करून बसतो. मी तरी कुणाला विचारणार होते? शनिवार आपला शब्बाथ, कामाला मनाई, शाळेत जायचं नाही म्हणून माझी मास्तरणीची नोकरी नुकतीच गेली होती, तुझे वडील वारले होते. मी घरीच पोरी शिकवायचे आणि ताप उतरला की देवाचे आभार मानायचे.

रझाकार गेले, पोलीस ॲक्शन झाली, गावात जरा शांतता आली, तेव्हा मी तुझं लग्न करून दिलं. दावीद चांगला मुलगा होता. शिवणकाम करायचा, शनिवारी दुकानाला फळ्या लावायचा, गिऱ्हाईकं हसली तरी वाईट वाटून घ्यायचा नाही. वर्षाच्या आत तुला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात जिना चढताना तू कोसळलीस.

जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी किती वेळ तुझ्या छातीला नळी लावून ऐकलं! मग मला आणि दावीदला बाजूला न घेता तुझ्यासमोरच बोलल्या. बाई सरळ होत्या. "हिच्या हृदयाची एक झडप खराब आहे. बाळंतपण हिला झेपणार न्हाई. आता लवकर आहे, आता काढून टाकू. एरवी कायद्यानं मनाई आहे, पण आईचा जीव वाचवायला करता येतं. विचार करून या, पण जल्दी करा."

परतीच्या मोटारीत तू खिडकीबाहेर पाहत बसलीस. घरी आल्यावर म्हणालीस, "आई, सहावी आज्ञा काय?"

मला राग आला. मी म्हणाले, "मला नको शिकवू."

"तूच शिकवलीस ना? खून करू नको."

"तुला जगता यावं म्हणून शिकवली. तू मरावीस म्हणून न्हाई."

"पण ह्यातही जीव आहे, आई."

"आणि तुझ्यात काय आहे? तुझ्या पोटात आहे ते तिसऱ्या महिन्याचं. माझ्या पोटचं आहे ते बावीस वर्षांचं. त्याला कुणी वाचवायचं?"

तू रडलीस. मीही रडले. दावीद दाराशी उभा होता. "मामी, ती म्हणेल तसं," एवढंच म्हणाला. भला माणूस! त्या दिवशी मला भला माणूस नको होता, तुला दरडावून मोटारीत बसवणारा हवा होता.

मग मी पाळकसाहेबांना बोलावणं पाठवलं. औरंगाबादहून ते महिन्यातून एकदा उपासना घ्यायला यायचे, त्या वेळी मुद्दाम आले. वाटलं, तुझा विश्वास त्यांच्या शब्दावर आहे, ते तरी सांगतील. त्यांनी तुला जवळ बसवून विचारलं, "लेकी, देवानं इथं किती जीव ठेवलेत?"

तू म्हणालीस, "दोन."

"मग तू एकाचीच काळजी का करून राह्यलीस? तुझाही जीव त्याचाच आहे. तो पवित्र न्हाई का?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मार्थाबाई, ह्या बाबतीत मंडळीचा हुकूम न्हाई. डॉक्टरीणबाईंचं ऐकलं तर मी तिला पापी म्हणणार न्हाई. पण जबरदस्ती कुणी करायची न्हाई. तुम्हीही न्हाई आणि मीही न्हाई."

त्या संध्याकाळी तू जरा मऊ झाली होतीस. मला आठवतं, तू भाकरी खाल्लीस आणि विचारलंस, "दुखतं का गं फार?" मी म्हणाले, "मी बरोबर असेन."

दुसऱ्या दिवशी शिमोनराव आले.

मी पाणी आणायला गेले होते, नाहीतर दारातच अडवलं असतं. परत आले तेव्हा त्यांचा हात तुझ्या डोक्यावर होता. ते म्हणत होते, "देवाच्या शब्दावर अब्राहामानं पोटच्या पोरावर सुरी उचलली तवा देवानं पोराच्या जागी मेंढा दिला ना? तू भरवसा ठेव. डॉक्टरला काय कळतं? तुझं काळीज देव बरं करील. फक्त अविश्वास मनात आणू नकोस."

आणि तू विश्वास ठेवलास! करुणा, इथं माझं तुझ्यावरचं रागावणं अजून संपत नाही. लोक म्हणतात तू मरण पत्करलंस. कसलं पत्करलंस! तुला कुणीतरी सांगितलं की तू मरणारच नाहीस, आणि तुला ते खरं वाटलं. तुला पाळणा दिसत होता, टोपडी दिसत होती. दुसऱ्या दिवशी तू दावीदकडून दुकानातली चिटाची कापडं मागवलीस. मला म्हणालीस, "आई, तुझा विश्वास कमी पडतोय." मला! मी नोकरी सोडली, भाऊबंद सोडले, शनिवारी चूल पेटवली नाही, त्या मला!

मग महिने चढत गेले तशी तू सुजलीस. आधी पाय, मग चेहरा. आडवं झोपता येईना. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचीस. शिमोनरावांनी मंडळीला उपास करायला लावला. मी काहीच न ऐकता तुला पुन्हा मोटारीत घातलं.

दवाखान्याच्या ओसरीत आपण बसलो होतो. दुपार होती. तू माझा हात घट्ट धरलास आणि म्हणालीस, "आई, मला मरायचं न्हाई."

मी तुझी पाठ चोळत राहिले.

"आई, अजून काढता येईल का? विचार ना त्यांना. मला न्हाई जमत. मला नको हे. विचार ना."

मी विचारलं, करुणा. पळत गेले आणि विचारलं. डॉक्टरीणबाईंनी हातातली नळी खाली ठेवली. "आता उशीर झाला, बाई," म्हणाल्या. "आता काढणं आणि होणं, तिला दोन्ही सारखंच जड. आता फक्त सांभाळायचं."

परत येऊन मी तुला काय सांगितलं आठवतं? म्हणाले, "त्या म्हणतात, आता बराबर होईल." तू माझ्या तोंडाकडं पाहिलंस. तुला कळलं. तू मान फिरवलीस.

लीला आठव्या महिन्यात झाली, सकाळी, उजेडात. मूठभर होती. तुला दाखवली तर म्हणालीस, "नाक आपल्यासारखं आहे." नंतर म्हणालीस, "तिच्या तोंडावर ऊन येतंय, पडदा ओढ ना." मी पडदा ओढला आणि वळले, तर तुझा श्वास लागला होता. डॉक्टरीणबाई धावल्या. दुपारपर्यंत सगळं संपलं.

तू हसली नव्हतीस. तुझा चेहरा घाबरलेला होता. तो मी रोज पाहते.

दफनाच्या वेळी शिमोनराव म्हणाले, मुलीचं नाव अर्पणा ठेवू. मी म्हणाले, "हिला कुणी अर्पण केलेलं न्हाई. लीला." तेवढं एक मी माझ्या मनासारखं केलं. पुढं दावीदनं दुसरं लग्न केलं, परभणीला गेला. त्याला बोल लावत नाही. दर वर्षी पोरीला झगा शिवून पाठवतो, माप न घेता, आणि तो नेहमी थोडा मोठाच होतो.

तू गेलीस तेव्हा आपलं गाव हैदराबाद राज्यात होतं. आता मुंबई राज्यात आहोत, उद्या महाराष्ट्र होईल म्हणतात. सगळं बदललं, माझा पीळ तेवढा गेला नाही. कसा जाईल? तू माझं ऐकलं असतंस तर आज तू असतीस. आणि लीला नसती. लीला नसती असं मला म्हणवत नाही. तू नाहीस हेही सोसवत नाही. मी एकाच तोंडानं देवाकडं दोघींना मागते आणि मला माहीत आहे की दोघी एकदम मिळणार नव्हत्या. हे त्या प्रवचनात बसतं का? शिमोनरावांना विचारायला हवं होतं.

शनिवारी घरी आल्यावर लीला जेवली नाही. गुळाचा खडा दिला तर परत डब्यात ठेवला. मी विचारलं, "का गं?"

"आजी, मी ऋण कसं फेडू?"

"कसलंच ऋण न्हाई. तुझी आई आजारी होती. आजारानं गेली."

"पण मी झालेच नसते तर ती गेली नसती ना?"

मी म्हणाले, "तिला तू हवी होतीस. टोपडी शिवली होती तुझ्यासाठी."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "तिला मी कधीच नको झाले न्हाई का? मरताना पण न्हाई?"

करुणा, मी शनिवारी मंडळीत उभी राहून ज्या खरेपणाचा तोरा मिरवला, तो या एका प्रश्नापुढं गळून पडला. मी म्हणाले, "कधीच न्हाई. एकदाही न्हाई." डोळ्यांत डोळे घालून म्हणाले.

खोटी साक्ष देऊ नको, हीसुद्धा आज्ञाच आहे. मोडली. एका जीवासाठी मोडली. देव विचारील तेव्हा हेच सांगणार आहे, आणि त्यानं त्यावर काय म्हणायचं ते म्हणावं.

मंडळी मी सोडणार नाही. ती शिमोनरावांच्या आधी माझी आहे. येत्या शब्बाथाला लीलाला घेऊन पहिल्याच बाकावर बसणार आहे. त्यांनी तुझं नाव काढलं तर मी पोरीचा हात धरून उभी राहीन, आणि ते गप्प बसेपर्यंत उभी राहीन. या वेळी बसणार नाही.

ओसरीतलं तुझं बोलणं माझ्याबरोबर जाईल. हा माझा तुला शब्द. तुझ्या लेकीला त्यांची संतीण मी देणार नाही, तिला तिची आई देईन. उद्यापासून सांगणार आहे: आपल्या मंडळीत चहाला मनाई, तर तुझी आई शेजारच्या मारवाडणीकडं जाऊन चोरून प्यायची, आणि मी विचारलं की तुळशीचा काढा होता म्हणून सांगायची. तुझी आई चिंचा खाऊन दात आंबवायची. तुझी आई भांडायची, रुसायची, आणि तिला जगायला फार आवडायचं. लीला कुणाचं काही फेडायला जन्मली नाही. ती हट्ट करील, मी धपाटा घालीन, आणि गुळाचा खडा तिनं मागून खाल्ला पाहिजे, एवढंच बघीन.

तुझी, अजून रागावलेली,
आई

अंबड