हरलेल्यांनी लिहिलेलं चरित्र

गुरुनाथकाका,

हॉल मिळाला म्हणून तुम्ही आपल्या वेस्ट विंडसरच्या मंडळाचा गणपती तिथी सोडून शनिवारी बसवलात. मी हरकत घेतली, तर भर मीटिंगमध्ये म्हणालात, "अमेरिकेत वाढलेल्या पोरींनी आम्हाला शिकवू नये." मंडळ फुटलं. तुम्ही अध्यक्ष राहिलात, आम्ही बाहेर.

मी चर्चचा इतिहास शिकवते. पंधराशे वर्षांपूर्वी रोममध्ये एकाच दिवशी दोन पोप निवडले गेले. त्यातल्या सिमाकसवर ईस्टर चुकीच्या दिवशी केल्याचा आरोप होता, तरी तोच जिंकला. मग हरलेल्यांनी त्याचं चरित्र लिहिलं, त्याच्यावरच्या सगळ्या आरोपांसकट. ते आम्ही आजही वर्गात वाचतो.

तुमच्या पंच्याहत्तरीच्या अंकात तुमचं चरित्र हवंय. अंक काढणाऱ्या तुमच्या नव्या सुनेला आपलं भांडण माहीत नाही. तिने मलाच विचारलं. मी लगेच हो म्हटलं.

हे पत्र पाठवत नाही, काका. अंकच पाठवीन.

तुमची चरित्रकार,
नीलांबरी