हळदीतलं तुझं बोलणं

तेजूताई,

जाड होईन या भीतीने मी जेवल्यावर मुद्दाम ओकते, हे मी फक्त तुलाच सांगितलं होतं, तुझ्या परळच्या सासरी, दार लावून. माझे हात धरून तू म्हणालीस, "कोणाला कळणार नाही गं."

आणि भावेशदादाच्या हळदीत मी दुसरा वडा उचलला, तर तूच सगळ्यांसमोर बोललीस, "खाऊ दे तिला, घरी जाऊन ओकणारच आहे!" सगळे हसले. मटण वाढणारी आई तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हापासून ती माझ्या शेजारी बसून जेवते. काही विचारत नाही. काल मीच म्हटलं, "आई, डॉक्टरकडे येशील?" ती लगेच चपला घालायला उठली.

मी बरी होईन, ताई. पण यापुढचं तुला काही सांगणार नाही.

आकांक्षा