रुमालाखालचं बायनरी

१ ऑगस्ट, शुक्रवार
'बैलसेतू' अॅप पूर्ण. विकणारा आणि घेणारा आता मोबाईलवर भेटणार, मधला दलाल बाद. दिग्रसमध्ये असं काही करणारा मी एकटाच, तेही कुठल्या क्लासची पायरी न चढता. नुसत्या शिंगांच्या आकारालाच सात पर्याय ठेवलेत.
उज्ज्वलाने विचारलं, घेणार कोण? बायकोला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. पोळ्यापर्यंत एकाही माणसाने अॅप घेतलं नाही, तर प्रोग्रामिंग बंद आणि मी तिच्या भावाच्या, म्हणजे रामधनच्या कृषी केंद्रात कामाला, असा ठराव तिने कणीक मळता मळता पास केला. मी हो म्हटलं. हरण्याचा प्रश्नच नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
बैलबाजारातले मोठे दलाल भावसिंग यांना डेमो दिला. ते म्हणाले, गोपालभाऊ, बैलाच्या तोंडात कधी हात घातला का? मी म्हटलं, दातांसाठी वेगळा कॉलम आहे. भोवतीची मंडळी हसली. कायले हसली, कळलं नाही.
भावसिंगांची अट: आधी बाजारात उभं राहा, सौदा कसा होते ते पाहा, एक तरी सौदा सोताच्या हातानं करा, मग तुमचं अॅप पह्यले मी घेतो.
घरी मुलगी वैष्णवी म्हणाली, बाबा, खरंच करा, मोठ्या कंपन्याही प्रोग्रामरला गिऱ्हाइकासमोर उभं करतात. ठीक. विक्रीचा अनुभव घेऊन टाकतो. एका दिवसाचं काम.

५ ऑगस्ट, मंगळवार
बाजारात निरीक्षण. दोघं जण रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, तोंडाने चकार शब्द नाही. भोवतीच्यांना भाव कळू नये म्हणून.
पाहताक्षणी ओळखलं. पाच बोटं, पाच बिट! अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं चार, अनामिका आठ, करंगळी सोळा. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बायनरी वापरून राह्यली आणि त्यांना पत्ता नाही. भावसिंगांना विचारून खात्री करावी असं क्षणभर वाटलं. पण उगाच त्यांना कमीपणा येईल.

९ ऑगस्ट, शनिवार
सराव. उज्ज्वलाची बोटं टॉवेलखाली दाबून अठरा सांगितले. तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, गॅसवर दूध आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार. सायंकाळी
सौदा झाला! पहिलं गिऱ्हाईक बापूजी नावाचे म्हातारे शेतकरी, बैलाला टेकून बसले होते. मी अॅपची सगळी माहिती दिली, शिंगांसकट. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, लय झालं बोलणं, काढा रुमाल.
त्यांनी दाबलं. मी दाबलं. त्यांच्या बायनरीत चूक होती, ती मी करंगळी दाबून दुरुस्त केली. त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. म्हणाले, जबान झाली, उद्या सकाळी घेऊन येतो.
पैसे उद्या. पेढे आजच आणले. विक्री म्हणजे शेवटी लॉजिकच. प्रोग्रामरला वेगळं शिकायची गरज नाही, हे सिद्ध झालं.

१३ ऑगस्ट, बुधवार
बापूजी आले. बैल घेऊन.
मी म्हटलं, हे काय? ते म्हणाले, तुमचा बैल. मी अॅप विकत होतो म्हटलं. ते म्हणाले, भाऊ, बैलबाजारात रुमाल कायसाठी टाकतेत? मी मांगत होतो त्याच्याहून जास्त तुमीच दाबून राह्यलते, मले काय खूळ लागलं नाही म्हणायले?
भावसिंगांना बोलावलं. ते म्हणाले, रुमालाखालची जबान फिरत नाही. आणि त्यांनी माझी बोटं एकेक करून पाहिली.
बैलाच्या बदल्यात देण्याजोगं घरात एकच होतं. बापूजींच्या नातीला कॉलेजसाठी लॅपटॉप पाहिजेच होता. त्यांनी आणि भावसिंगांनी पुन्हा रुमाल टाकला. मला लांब उभं केलं.
लॅपटॉप गेला. घाबरण्याचं कारण नाही. बॅकअपसाठी मी डी ड्राइव्ह वेगळा ठेवला होता.

१३ ऑगस्ट, थोड्या वेळाने
डी ड्राइव्ह लॅपटॉपमध्येच असतो.

१६ ऑगस्ट, शनिवार
बैलाने तुळस खाल्ली. त्याच्या शिंगांचा आकार माझ्या सातांपैकी कशातच बसत नाही. आठवा पर्याय घालावा लागेल, पण कशात घालू?
वैष्णवीने बैलाचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. उज्ज्वला चहा गाळते तोवर गिऱ्हाईक दारात, चहा संपेतो बैल विकलेला. मी वैष्णवीला विचारलं, लॉगिन, ओटीपी, शिंगांची नोंद? ती म्हणाली, बैल विकणे आहे असं लिहिलं.
या पद्धतीला भवितव्य नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
लोकांचे बैल सजले. उज्ज्वलाने माझा चांगला शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला.

२५ ऑगस्ट, सोमवार
कृषी केंद्र, पहिला दिवस. एकाला फवारणीचा पंप पाहिजे होता. मी त्याला नोझलचे प्रकार आणि थेंबाचा व्यास सांगितला. तो समोरच्या दुकानात गेला. दुसराही. तिसऱ्याला रामधनने माझ्या हातून सोडवून घेतलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार
रामधन म्हणाला, भाऊजी, तुमी आता विकू नका, आल्या-गेल्याले फकस्त पाणी देत जा.
दिलं. पहिल्याच माणसाला ग्लास देताना पाण्याचा टीडीएस समजावून सांगितला. तो म्हणाला, तहान नाही.