आपला चष्मा तयार आहे

३ मार्च, सोमवार
फोन कॉम्प्युटरला जोडला गेला. कॉम्प्युटरवाल्याने सकाळी अकरा दहाला तसं जाहीर केलं, आणि पडद्यावरही 'कनेक्टेड' आलं. आता दुकानाचे सगळे मेसेज कीबोर्डवर टाइप होणार आणि माझ्या फोनमधून गिऱ्हाइकांना जाणार. दुकानाचा मोबाइल जुना, तो प्रोग्रॅमला चालत नाही. कोणाचा लावायचा, असं मालकीणबाईंनी विचारलं. मी माझा पुढे केला. बाकी कोणी हललं नाही.

केबल किंचित सैल आहे. फोन हलला की कनेक्शन जातं. म्हणून तो काउंटरवर चिकटपट्टीने बसवलाय. घरी न्यायचा नाही. मध्येच कोणाचा फोन आला की मेसेज अडकतात, म्हणून रिंग बंद. एवढं सोडलं तर आता मी कुठूनही संपर्कात आहे.

बायकोला थोरल्या बहिणीकडे जाऊन आज नऊ दिवस. हवापालट.

सायं. ५
संकल्प. मी बोलत नाही अशी बायकोची जुनी तक्रार. आता रोज सकाळी साडेनऊला तिला एक मेसेज. आपोआप. विसरायची भीतीच नाही.

अडचण एकच. ज्याची ऑर्डर नोंदलेली आहे त्यालाच प्रोग्रॅम मेसेज पाठवतो. म्हणून तिच्या नावाने ऑर्डर नोंदली. खोटी नाही. तिचा वाचायचा चष्मा नोव्हेंबरपासून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. डावी काडी तुटलेली, उजव्या काचेला तडा. स्थिती : काम सुरू.

४ मार्च, मंगळवार
पहिला मेसेज गेला. 'आपल्या चष्म्याचं काम सुरू आहे. तयार होताच कळवू.' खाली दुकानाचं नाव. पडद्यावर 'पोचला' असं हिरव्या अक्षरांत. समाधान.

फिटरकाका (काचा घासतात, बसवतात, वय सत्तर, बोलणं काचेसारखं धारदार) म्हणाले की मेसेज पाठवण्यापेक्षा चष्माच द्या इकडे, दहा मिनिटांचं काम आहे. त्यांना समजावलं की घरच्यांना रांग मोडून आत घेतलं की दुकानाची शिस्त जाते. ते म्हणाले, चार महिने झाले, एवढ्या वेळात रांग गावाला वळसा घालून परत आली.

६ मार्च, गुरुवार
बायकोचे तीन मिस्ड कॉल. मेसेजचा परिणाम दिसतोय. परत फोन करायचा तर केबल काढावी लागेल. बेचाळीस गिऱ्हाइकांचे मेसेज लाइनमध्ये होते. एकीसाठी बेचाळीस जणांना थांबवणं बरं नव्हे.

७ मार्च, शुक्रवार
मेसेजच्या शेवटी स्वतःचा मजकूर घालता येतो. ठरलेलं वाक्य आणि दुकानाचं नाव गेल्यावर नऊ अक्षरं उरतात. काना, मात्रा, अनुस्वार, मधली मोकळी जागा, सगळं वेगळं मोजलं जातं.

'माझं चुकलं' घालून बघितलं. दहा होतात. बसत नाही. तांत्रिक मर्यादा.

'काळजी घे' बसलं. पाठवलं.

१० मार्च, सोमवार
मेहुणीचा फोन दुकानाच्या लँडलाइनवर. या बाईंना मी मनातल्या मनात जेलर म्हणतो. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजून त्याच आवाजात बोलतात. म्हणाल्या की हे मेसेज रोज मलाच वाचून दाखवावे लागतात, तिला अक्षर दिसत नाही. म्हणजे आमचे मेसेज तिकडे मोठ्याने वाचले जातात. प्रतिसाद अपेक्षेपेक्षा चांगला.

पुढे म्हणाल्या, चार महिने तिला सुईत दोरा ओवता आला नाही, शिलाईची सगळी कामं गेली. दुसरीकडे चष्मा कर म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, नवरा चष्म्याच्या दुकानात, आणि मी परक्याकडून करून घेऊ? तत्त्वाची बाई आहे. मीही तसाच. म्हणून जमतं.

शेवटी मुद्द्यावर आल्या. त्यांच्या गावातल्या शिवणकेंद्रात शिकवायची जागा आहे, राहायला खोलीसकट. बायकोला पंचवीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्ही स्वतःच्या तोंडाने 'घरी ये' म्हणालात तर ती नाही म्हणून कळवणार. म्हणाला नाहीत तर पंचवीसला रुजू.

पंधरा दिवस आहेत. भरपूर.

११ मार्च, मंगळवार
'घरी ये' मोजलं. सहा. बसतं.

पण जेलरबाई वाचून दाखवणार. त्यांच्या तोंडी ते वाक्य शोभणार नाही. थांबलो.

१२ मार्च, बुधवार
'जेवलीस?' पाठवलं. साधं, आपुलकीचं. सात.

सायं. ६
बारीक चूक. मजकूर एकीच्या ऐवजी 'काम सुरू' या पूर्ण गटाला गेला. बेचाळीस गिऱ्हाइकं. सतरा उत्तरं आली, एवढी दुकानाच्या इतिहासात कधी आली नव्हती. निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलं, 'हो. आपण?' बँकेतल्या कॅशियरबाईंचे यजमान प्रत्यक्षच आले आणि हा कोण विचारणारा, असं विचारू लागले. मालकीणबाईंनी त्यांना फ्रेमवर सूट दिली. मग मला आत बोलावून म्हणाल्या की तुम्ही फार काम करता, थोडं कमी करा. ही स्तुती समजायची का ते कळलं नाही. समजलो.

बायकोचं उत्तर नाही. ती कधीच घाईत उत्तर देत नाही.

१४ मार्च, शुक्रवार
घरी काडेपेटी संपली, गॅसची शेगडी पेटेना. लायटर कुठे ठेवते ते तिला विचारायला हवं. फोन दुकानात. सकाळी दुकानात आलो तर नऊ अक्षरांत तो प्रश्न बसेना. पाव खाल्ला.

घरात शांतता चांगली आहे. नळ बंद केला की तेवढाही आवाज राहत नाही.

१७ मार्च, सोमवार
बायकोचे मिस्ड कॉल : अकरा. आतापर्यंतचा उच्चांक.

ठरवलं की उद्या केबल काढून स्वतः फोन करायचा. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. चार ओळी झाल्या. दोन खोडल्या. उरलेल्या दोन तिला माहीतच आहेत.

१८ मार्च, मंगळवार
कॉम्प्युटरवाला आला होता. विचारलं, केबल पाच मिनिटं काढली तर? म्हणाला की काढा, पण परत लागेल याची खात्री नाही. बेचाळीस जणांची जबाबदारी. नाही काढली.

लँडलाइनवरून करता आला असता, असं फिटरकाका म्हणाले. लँडलाइन दुकानाची आहे. खासगी कामाला वापरत नाही.

२० मार्च, गुरुवार
काही नाही.

२१ मार्च, शुक्रवार
फिटरकाकांनी ड्रॉवर उघडून चष्मा हातात घेतला, उजेडात धरला. म्हणाले की काच तयार पडलीय, त्याच नंबरची, बसवू का? मी म्हणालो सोमवारी बघू. सोमवार का, म्हणाले. सोमवार हा आठवड्याचा पहिला दिवस, कामाला सुरुवात करायला बरा. ते चष्मा परत ठेवताना ड्रॉवर जरा जोरात बंद झाला. केबल हलली. सहा मेसेज अडकले. त्यांना हे सांगितलं. ते मशीनवर जाऊन बसले.

२२ मार्च, शनिवार
पक्का निर्णय. सोमवारी चष्मा करून घ्यायचा, अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, बसने जायचं, चष्मा हातात द्यायचा आणि ते वाक्य समोरासमोर बोलायचं. मालकीणबाईंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या, वाटल्यास पूर्ण दिवस घ्या म्हणाल्या. मी म्हणालो नको, मग फोनकडे कोण बघणार.

२४ मार्च, सोमवार
सकाळी १०
रजा टाकलेली नाही. दोन डिलिव्हऱ्या आहेत, आणि कनेक्शन सकाळपासून डळमळीत. दुपारच्या बसने निघेन.

दुपारी २
एक गोष्ट लक्षात आली नव्हती. ऑर्डरला तीन आठवडे झाले की प्रोग्रॅम स्वतःच 'तयार' असं धरतो. कॉम्प्युटरवाल्यानेच तसं बसवलंय. त्याचं म्हणणं, तीन आठवड्यांत चष्मा झाला नाही असं दुकान जगात नसेल. त्यामुळे आज साडेनऊला बायकोला मेसेज गेला. 'आपला चष्मा तयार आहे. घेऊन जावा.'

ती एक वाजता आली.

सविस्तर लिहितो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. ती रांगेत चौथी उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर म्हणाली की मेसेज आला म्हणून आले. फिटरकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्यापुढून हात घालून ड्रॉवरमधून चष्मा काढला आणि तिला म्हणाले, वहिनी, दहा मिनिटं बसा.

ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर. बारीक झालीय. जेलरकडे खायला कमी नसणार, मग का, ते विचारायला हवं होतं. दहा मिनिटं होती. मी काउंटरच्या आत होतो, मध्ये साधारण दोन हातांचं अंतर. सुरुवात कशी करायची ते सुचेना, म्हणून कीबोर्डवर 'घरी ये' टाइप केलं आणि पाठवलं.

तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने काढला, लांब धरला, जवळ धरला. मग उठून फिटरकाकांकडे गेली आणि एवढं वाचून द्या म्हणाली. काकांच्या दोन्ही हातांत काच होती. म्हणाले, आता चष्मा होतोच आहे, स्वतःच वाचा.

चष्मा झाला. तिने घातला. सुई बघावी तशी दोन्ही हातांची बोटं बघितली. मग फोन उघडला आणि पहिल्या मेसेजपासून सगळे वाचले. ओठ हलवत. मी मोजत होतो. सगळे वाचायला चार मिनिटं लागली. शेवटचा वाचून झाल्यावर फोन तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. आता मी काही बोलेन अशी तिची समजूत असावी.

दुकानात एकच गिऱ्हाईक उरलं होतं, तेही आरशात बघत होतं. बोलायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात पडद्यावर 'कनेक्शन तुटलं' आलं, आणि मी खाली वाकून केबल बघू लागलो.

वर आलो तेव्हा ती काउंटरपाशी उभी होती. म्हणाली, "यात तुमचं स्वतःचं कुठलं?"

मी शेवटचे शब्द दाखवले. काळजी घे, जेवलीस, घरी ये. 'जेवलीस' एकूण बेचाळीस जणांना गेलं होतं, हेही सांगून टाकलं. लपवाछपवी मला आवडत नाही.

ती म्हणाली, "जेवले."

मग पावतीवर सही केली. आता सही रेषेवर येते तिची. सव्वादोनची बस आहे म्हणाली. काकांना नमस्कार केला. दारात थांबून चष्मा पुसला, परत घातला, आणि गेली.

मी न दिलेल्या रजेच्या अर्जावर 'दुपार' खोडून 'आवश्यकता नाही' असं लिहिलं. ती स्वतःच येऊन गेली, म्हणजे बसचा हेलपाटा वाचला.

सायं. ५
काका निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. सत्तरीत माणूस हळवा होतो.

२५ मार्च, मंगळवार
ती आज सकाळी शिवणकेंद्रात रुजू झाली. जेलरबाईंनी लँडलाइनवर कळवलं. आवाज पहिल्यांदाच मुख्याध्यापिकेसारखा नव्हता. थोडा वेळ दोन्हीकडे लाइन चालू होती. मग त्यांनी फोन ठेवला.

कॉम्प्युटरमध्ये तिची ऑर्डर बंद करून स्थिती 'ग्राहकास सुपूर्द' केली. रोजचा मेसेज आपोआप थांबला. आता प्रोग्रॅमच्या यादीप्रमाणे पुढचा मेसेज डोळे तपासणीच्या आठवणीचा. तो तिला पुढच्या वर्षी २४ मार्चला सकाळी साडेनऊ वाजता जाणं अपेक्षित आहे.